इंद्रेकची भाषा

डेली सिटी,
रविवार सकाळ

प्रिय कॉल्डर,

काल इंद्रेकच्या गावाहून, तार्तूहून परतले. तू विमानतळावर पाठवलेली गाडी मी रिकामीच परत लावून दिली. ड्रायव्हर बिचारा माझ्या नावाची पाटी धरून उभा होता, त्याला कॉफी पाजली आणि मी आपली बसने आईकडे आले. आल्यापासून तुझे निरोप थांबत नाहीयेत. 'भेटला का?' 'काय म्हणाला?' 'रो, एका शब्दात सांग, हो की नाही?' एका शब्दात मावण्यासारखं ते नाही, म्हणून लिहायला बसले. आई आत अडोबो करतेय, घरभर व्हिनेगर आणि लसणाचा वास सुटलाय. बाहेर इतकं धुकं आहे की समोरच्या घराचा रंगसुद्धा कळत नाही. आईला वाटतंय मी प्रेमपत्र लिहितेय. 'त्या गोऱ्यालाच ना?' म्हणून मघाशी डोकावून गेली. मी हो म्हटलं.

समुद्राकडच्या त्या लाँड्रीवरचा आपला पहिला फ्लॅट मला विमानात सारखा आठवत होता. खाली कपड्यांची यंत्रं फिरायला लागली की वर आपलं टेबल थरथरायचं आणि इंद्रेक दोन्ही हातांनी आपला कॉफीचा मग धरून बसायचा. तू आणि तो बर्कलीत एकत्र शिकलेले. तू बोलणारा, तो ऐकणारा. मी तेव्हा काउंटीच्या दवाखान्यात रुग्णांसाठी माहितीपत्रकं लिहायचे आणि मला प्रोग्रॅमिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी पहिल्याच भेटीत त्याने मला समजावलं होतं, 'हे बघ रो, आज कुणाला एवढासा प्रोग्रॅम लिहून लोकांपुढे ठेवायचा असेल ना, तर आधी सर्व्हर घ्या, तो सांभाळा, त्याला कुलपं लावा, हे सगळं शिकावं लागतं. म्हणजे कॉफी करायची तर आधी विहीर खणायची. मी करतोय त्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तसं नाही. लिहिलं की त्या क्षणी चालू. विहीर आपण खणायची, लोकांनी कॉफी करायची.' तू मागून ओरडलास, 'मास्तर, हे गुंतवणूकदारांसमोर असंच बोला, फक्त जरा मान वर करून!' आणि आपण तिघंही हसलो होतो.

त्याने भाषेचं नाव तिहाने ठेवलं होतं. त्याच्या देशात हिवाळ्यात खिडकीशी दाणे टिपायला येणारं चिमुकलं पाखरू. तू म्हणालास, 'अमेरिकेत हे नाव घ्यायला लोकांना जीभ भाड्याने आणावी लागेल.' आणि पेरेग्रिन केलंस. पेरेग्रिन म्हणजे ससाणा. तो असली पाखरं हवेतल्या हवेत उचलतो, हे इंद्रेकच्या लगेच लक्षात आलं होतं. 'चालेल,' म्हणाला, 'पोट भरल्यावर गातो का बघू.' त्यानंतर त्याने ते जुनं नाव पुन्हा काढलं नाही. फक्त काद्री, त्याची बायको, घरी तिहानेच म्हणायची, आणि तू घरात असलास की जीभ चावायची.

मला तुम्ही कंपनीत घेतलं ते चुकांसाठी. लिहिणाऱ्याची चूक झाली की भाषा त्याला जो निरोप देते, तो लिहायचं काम माझं. इंद्रेकचं म्हणणं एवढंच होतं, की चूक झाली म्हणून माणसाला लाज वाटता कामा नये. दुसऱ्या भाषा अंगावर खेकसतात. आपली म्हणायची, 'इथे आकडा लागेल असं दिसतंय, तुम्ही नाव लिहिलंय. बदलून बघता का?' एकेका ओळीवर आम्ही सकाळ घालवायचो. तो वाचायचा आणि म्हणायचा, 'यात अजून थोडा राग आहे, रो. राग काढ.' तू आम्हाला हसायचास. पण लोक आले ते त्या ओळींमुळेच. शाळामास्तर आले, बेकरीवाले आले, कॉलेजातली पोरं आली, आणि मेंडोसिनोहून व्हर्ना आली.

व्हर्नाला तू विसरला नसशील. निवृत्त शिक्षिका, भल्या मोठ्या चष्म्याची, दर आठवड्याला मला फोन करून 'पोरी, तुझं यंत्र आज माझ्याशी गोड बोललं' म्हणणारी. त्यांच्या डोंगरात डायलिसिसच्या रुग्णांना दवाखान्यात नेण्याआणण्यासाठी गावकरीच आपापल्या गाड्या काढतात. कुणी कुणाला कधी न्यायचं, हे जुळवणारा प्रोग्रॅम तिने आपल्या भाषेत एकटीने लिहिला. तू तिचा फोटो भाषणात दाखवायचास. पडद्यावर ती हसायची आणि खाली लिहिलेलं असायचं, 'एकदा लिहिलेला प्रोग्रॅम आम्ही कधीच बंद पडू देणार नाही.' ते वाक्य तुझं होतं. इंद्रेक म्हणाला होता, कधीच हा शब्द मोठा आहे. तू म्हणालास, मोठा आहे म्हणूनच हवा.

मग पैसे मोजणारे हॉटेलवाले आले, त्यांच्यामागून विमावाले आले, आणि फुकट वापरणारी माणसं तुला जड व्हायला लागली. डॉगपॅचमधल्या नव्या ऑफिसात, त्या काचेच्या खोलीत, तू सांगितलंस की आठवडाभरात फुकटची खाती बंद. निरोप मीच लिहायचा होता. 'रो छान लिहिते, कुणाला वाईटसुद्धा वाटणार नाही,' म्हणालास. मी तीनदा लिहिला, तिन्ही वेळा तू त्यातली माफी कापलीस. व्हर्नाने फोन केला. ती रडली नाही. तिने फक्त विचारलं, 'मग मंगळवारी कोण कुणाला नेणार, हे मी आता कशात बघू?' मी इंद्रेककडे फोन दिला. त्याने बराच वेळ ऐकलं आणि म्हणाला, 'तुमचं चालू राहील.'

त्याने तिचा आणि अशाच काही जणांचा प्रोग्रॅम गुपचूप चालू ठेवला. कंपनीला त्याचा भुर्दंड तुझ्या शुक्रवारच्या पिझ्झाहूनही कमी होता. तुला कळलं तेव्हा तू ओरडला नाहीस. ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू शांतपणे म्हणालास, 'हे बरंच झालं.' मला तेव्हा अर्थ कळला नाही.

अर्थ कळला तो बैठकीत. टिपणं घ्यायला मी खोलीत होते, हे तू विसरला होतास की तुला त्याचं काही वाटत नव्हतं, कोण जाणे. गुंतवणूकदारांच्या वतीने त्या पांढऱ्या केसांच्या बाई आल्या होत्या, मिसेस थॉर्नबरी. तू त्यांच्यापुढे मांडलंस की इंद्रेकने कंपनीची साधनं चोरली, त्याला काढायचं. चोरली हाच शब्द वापरलास. बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, 'अहो, ज्याने भाषा केली त्यालाच चोर म्हणायचं? जरा समज द्या आणि सोडा. मी स्वतः बोलते त्याच्याशी.' तुला जायला तिथे सरळ वाट होती. तू म्हणालास, 'नाही. तो आहे तोवर लोक या भाषेला त्याची भाषा म्हणणार.' बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. मग त्या म्हणाल्या, 'तुमची कंपनी, तुमचा निर्णय. माझा हात वर जाणार नाही.' आणि गेला नाही. तुझा गेला. मी ते लिहून घेतलं आणि त्याच क्षणी मला कळलं की या माणसाच्या घरी आता मला झोप येणार नाही.

नंतर पार्किंगमध्ये तू त्याला मिठी मारलीस. मी माझ्या गाडीपाशी उभी होते, तुमच्यापासून चार पावलांवर. त्याच्या हातात खोका होता, खोक्यात त्याचा कॉफीचा मग आणि त्याच्या लेकीने, लीसने काढलेलं एक चित्र. मिठी मारताना खोका तुमच्या दोघांच्या मध्ये दाबला गेला. तू म्हणालास, 'माझे हात बांधलेले होते रे. ती बाई ऐकेना.' आणि इंद्रेकने तुझीच पाठ थोपटली. 'मला माहीत आहे,' म्हणाला, 'तू लढला असशील.' तुझा चेहरा त्याच्या खांद्यावर होता, त्याला दिसला नाही. मला दिसला. तू घड्याळ बघत होतास.

त्याची नोकरी गेली म्हणजे व्हिसा गेला, हे तुला माहीत होतं. कंपनीचा आरोग्य विमा महिनाअखेरीस संपणार, हेही. लीस तेव्हा चार वर्षांची होती. तिच्या एका कानात यंत्र बसवून झालं होतं आणि दुसऱ्या कानाचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं होतं. काद्रीने तिला दिनदर्शिकेत त्या तारखेवर कानाचं चित्र काढून दाखवलं होतं. त्या संध्याकाळी मी तुझ्या ओट्याशी उभी राहून म्हटलं, 'ऑपरेशनपर्यंत त्याला पगारावर ठेव. बाकी काही नको. कामावर येऊ देऊ नकोस, नाव पुसून टाक, पण तेवढं ठेव.' तू अॅव्होकॅडो कापत होतास. म्हणालास, 'एकाला सूट दिली की सगळ्यांना द्यावी लागते, रो.' मी म्हटलं, 'सगळ्यांना म्हणजे कुणाला? अजून कुणाची मुलगी बहिरी आहे?' तू बी सुरीने टचकन काढलीस आणि म्हणालास, 'दया ही आपण पुरवत असलेली सेवा नाही.' मग सुरी धुतलीस आणि विचारलंस, 'थाई जेवण मागवू का?' मी माझी बॅग त्याच संध्याकाळी भरली. तुला वाटलं मी आईकडे चार दिवस जातेय.

व्हर्नाचं तुला मी कधी सांगितलं नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस. तिचा प्रोग्रॅम तुझ्या माणसांनी त्याच आठवड्यात बंद केला. ती पुन्हा फोन आणि फळा यांवर आली. एका मंगळवारी दोन गाड्या एकाच घरी गेल्या आणि दुसऱ्या घरी एकही गेली नाही. त्या दुसऱ्या घरचा म्हातारा अंगणात कोट घालून खुर्चीत बसून राहिला, कुणाला त्रास नको म्हणून त्याने फोनही केला नाही. पुढच्या आठवड्यात तो गेला. त्यामुळेच गेला असं डॉक्टर म्हणत नाहीत, व्हर्नाही म्हणत नाही. पण तिने नंतर तो फळा दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकला आणि मला फोन करणंही थांबवलं.

तुझा मात्र गेल्या महिन्यात फोन आला. इतक्या वर्षांनी तुझा रडवेला आवाज ऐकला आणि खरं सांगते, आधी मी घाबरले, मला वाटलं तुझ्या वडिलांना काही झालं. मग कळलं, हॉटेलवाल्यांकडे एकच खोली दोनदोन माणसांना दिली जातेय, महिनोन्‌महिने शोधूनही कुणाला कारण सापडत नाही. भाषेच्या अगदी पोटातलं काहीतरी आहे आणि त्या पोटात कधी हात घातलेला एकच माणूस आहे. हॉटेलवाले निघाले की कंपनी संपली. 'तुझं तो ऐकेल, रो,' म्हणालास. 'त्याला म्हणावं ये, वाटेल तो हुद्दा घे.' तू स्वतः का जात नाहीस, विचारलं तर तिकिटाच्या तारखा विचारायला लागलास. मी गेले. तुझ्यासाठी गेले असं समजू नकोस. मला लीसला बघायचं होतं.

ते नदीजवळच्या एका जुन्या इमारतीत राहतात. इंद्रेक विद्यापीठात शिकवतो, अंगाने भरलाय, खांदे अजून तसेच पाडून चालतो. मला बघून दारातच ओरडला, 'रो! राग काढलास का सगळा?' काद्रीने काळा पाव आणि खारवलेले मासे पुढे ठेवले आणि माझ्याशी अगदी सभ्यपणे बोलली, जितकं सभ्यपणे परक्याशी बोलतात तितकं. लीसचं दुसऱ्या कानाचं ऑपरेशन झालंच नाही. इथल्यापेक्षा तिथली यंत्रं वेगळी, कागद जुळेपर्यंत वर्षं गेली, मग डॉक्टर म्हणाले, आता त्या कानाने शब्द ओळखायला शिकायचं वय निघून गेलं. एका कानाने ती छान ऐकते, मोठ्याने गाते, मला तिने बुटाच्या नाड्यांचं एक कोडं घातलं. पण एका कानाने आवाज कुठून आला ते कळत नाही. आम्ही बाजारात गेलो तेव्हा इंद्रेकने तिला हाक मारली. तिने ऐकली. ती वळली, पण भलत्याच बाजूला, आणि अनोळखी माणसांच्या चेहऱ्यांत बापाला शोधायला लागली. इंद्रेक दुसऱ्यांदा हाक मारत नाही. तो आहे तिथेच उभा राहतो आणि तिला दिसेपर्यंत हात वर करून धरतो. त्या दिवशी जरा गर्दी होती, वेळ लागला. लोक त्याच्याकडे बघत होते. तुला हे वाचवत नसेल तर परत वाच.

जेवताना मी त्याला तुझं सांगितलं. परत येणार नाही म्हणाला, लीसची शाळा आहे, काद्रीचं काम आहे. पण हे बोलताना त्याच्या आवाजात राग सोड, साधी तक्रारही नव्हती. 'बिचारा कॉल्डर,' म्हणाला, 'एकट्यावर पडलं सगळं.' मग खोल्यांचा घोळ कसा होतो ते विचारलं. मला कळतं तेवढं सांगितलं, त्याने मध्येच दोन प्रश्न केले आणि कपाळावर हात मारून हसायला लागला. 'अगं, तेच ते! दोघांनी एकाच वेळी लिहिलं तर कुणाचं धरायचं, ते अर्धवट राहिलं होतं. मी त्याला म्हटलं होतं थांबूया, पण त्याला घाई होती.' ताट बाजूला सारून तो तिथेच कामाला लागला. लीस त्याच्या मांडीला टेकून चित्र काढत होती. अंधार पडायच्या आत दुरुस्ती तयार होती, कॉल्डर. एवढीशी आहे. त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'पाठवून देऊ त्याला?' बोट बटणावर होतं. मी म्हटलं, 'थांब.'

का थांब, हे त्याने विचारलं नाही. त्याने दुसरंच विचारलं. इतका सहज, जणू मीठ मागतोय. 'रो, तू होतीस ना त्या खोलीत. माझ्यासाठी किती भांडला गं तो?' काद्री ताटं उचलत होती, ती तशीच उभी राहिली. एवढी वर्षं तो माणूस त्या एका गोष्टीवर जगलाय, की देश गेला, काम गेलं, मुलीचा कान गेला, पण मित्र आपल्या बाजूचा होता. मी म्हटलं, 'ते तू कॉल्डरलाच विचार. तो तुला फोन करणार आहे.' त्याचा चेहरा उजळला. 'खरंच करणार आहे?' म्हणाला, आणि फोन चार्जिंगला लावला.

तर हे सांगायला लिहितेय. दुरुस्ती मी आणलेली नाही. ती तार्तूत त्याच्यापाशी आहे आणि त्याच्याकडून घ्यायला फोन तुलाच करावा लागेल. तो अडवून धरणार नाही, पहिल्या मिनिटात देऊन टाकेल, आभारसुद्धा मानू देणार नाही. मग तो तुला तेच विचारेल जे त्याने मला विचारलं. खरं सांगितलंस तर त्याच्याकडे जे उरलंय तेही तुझ्याच तोंडून जाईल. खोटं सांगायचा विचार असेल तर ऐकून ठेव: निघायच्या आधी जिन्यात मी काद्रीला सगळं सांगितलंय, थॉर्नबरीबाईंच्या हातापासून तुझ्या घड्याळापर्यंत, आणि तू फोन करशील तेव्हा ती त्याच्या शेजारी बसून ऐकणार आहे. बोलणार काही नाही, तसं तिने मला वचन दिलंय. तू म्हणशील, रो, ही क्रूरता आहे, ऑफिसातल्या माणसांच्या नोकऱ्या पणाला लागल्यात. लागल्यात खऱ्या, आणि त्या आता तुझ्या एका फोनवर आहेत. मी तुला ओळखते, तू नंबर लावशील आणि वाजायच्या आत कापशील. म्हणून एवढंच सांगते, करायचा असेल तर इथल्या सकाळीच कर, तिथे तेव्हा संध्याकाळ असते. लीस झोपायच्या आधी तो तिला गोष्ट वाचून दाखवतो, आणि त्यानंतर तो फोन उचलत नाही.

तुझीच (हे लिहिताना हात थांबला नाही, याचं मला वाईट वाटतं),
रोवेना